दाबायचं न्हाई, धरायचं

कुत्र्याच्या पुढच्या पायावर कोपरापासून खाली उतरत येणारी एक शीर असते. केस भादरून स्पिरिटचा बोळा फिरवला की ती कातडीखाली दिसू लागते. काळ्या कुत्र्याची तर दिसतही नाही, नुसती बोटाला लागते. रक्त काढायला दोन माणसं लागतात. एकाच्या हातात सुई असते आणि दुसऱ्याने कुत्रा धरायचा असतो. धरणाऱ्याने एक हात त्याच्या मानेखालून घेऊन डोकं आपल्या खांद्याशी टेकवायचं, दुसऱ्या हाताने कोपराला मागून आधार द्यायचा, अंगठा शिरेवर ठेवायचा आणि किंचित बाहेरच्या अंगाला वळवायचा. शीर भरते, फुगते, जागेवर थांबते. मग सुई आत जाते आणि तिच्या मागच्या टोकाशी रक्ताचा एक थेंब चमकतो. मालकाची नजर सुईवर असते. शीर थांबवून धरलेली असते ती अंगठ्याने.

तो अंगठा आता माझा असतो. अमेरिकेतल्या डेलावेअर या राज्याची मी लायसन्स्ड व्हेटर्नरी टेक्निशियन आहे. आपल्याकडे या कामाला एक असा शब्द नाही. आजारी जनावराची शुश्रूषा करणारी, रक्त-लघवी तपासणारी, एक्स-रे काढणारी, दातांवरचं कीटण काढणारी, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल सांभाळणारी, अशी चार-पाच माणसं एकाच अंगरख्यात असतात. पण कुणी विचारलं, नेमकं काय करतेस, तर माझ्या तोंडी पहिल्यांदा येतं, ‘मी धरते.’ हे उत्तर मला माझ्या वडिलांनी दिलेलं आहे.

आबा माण तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होते. सरकारी कागदावर त्यांचं पद ‘व्रणोपचारक’. गावाला हा शब्द कधी उच्चारता आला नाही. गावाच्या लेखी तो ढोराचा दवाखाना आणि आबा त्यातले कंपाउंडर. दवाखान्यापुढे लिंबाखाली खोडा होता, बैलांच्या अंगाने घासून घासून गुळगुळीत झालेला. जोखडाने खांदा सुजलेले खिलार बैल, वार अडकलेल्या म्हशी, लाळ्या-खुरकूत झालेली, तोंडातून तार लोंबणारी जनावरं तिथे यायची. आबा जांभळ्या पाण्याने त्यांची तोंडं धुवायचे, जखमांतल्या अळ्या चिमट्याने एकेक वेचायचे. आणि संध्याकाळी खुर्चीवर बसून नोंदवहीत लिहायचे. तारीख, गाव, मालक, जनावर, उपचार, शेरा. अक्षर वळणदार, शाई निळी.

मी नऊ-दहा वर्षांची असताना एका म्हातारीने करडू आणलं होतं. कुत्र्याने त्याची मांडी फाडली होती. टाके घालायचे होते आणि हाताशी दुसरं कुणी नव्हतं. आबा म्हणाले, “पोरी, धर.” मी सगळा जीव एकवटून त्याला आवळलं. ते तडफडायला लागलं, ओरडायला लागलं. मी आणखी आवळलं. आबांनी हातातली सुई खाली ठेवली, माझी बोटं एकेक करून सैल केली आणि म्हणाले, “दाबायचं न्हाई. धरायचं. जनावराला कळतंय हात कसा हाय त्यो.” मग माझा एक तळवा त्यांनी करडाच्या छातीखाली ठेवला, दुसरा कमरेवर. करडू थरथरलं आणि थांबलं. त्याच्या काळजाचे ठोके माझ्या तळव्यात वाजत होते. ते मला आजही ऐकू येतात.

लग्नानंतर मी डेलावेअरला आले. यजमान विल्मिंग्टनच्या एका बँकेत संगणकाचं काम करतात. आम्ही राहतो मिडलटाऊनला. हे राज्य इतकं लहान की भिंतीवरच्या नकाशात बोट ठेवलं तर सगळं बोटाखाली झाकलं जातं. लांबी ९६ मैल, रुंदी कुठे ९ मैल तर कुठे ३५. काउंट्या तीनच. २०२०च्या जनगणनेत माणसं ९,८९,९४८. २०११ साली आमच्या एकट्या सातारा जिल्ह्यात तीस लाख होती. इथे पशुवैद्य घडवणारं एकही महाविद्यालय नाही. जवळचं म्हणजे शेजारच्या फिलाडेल्फियातलं, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं, १८८४ सालचं. म्हणजे इथला प्रत्येक पशुवैद्य बाहेरून शिकून आलेला. पण त्याच्या शेजारी उभी राहणारी टेक्निशियन मात्र या राज्यात तयार होते, दक्षिणेच्या जॉर्जटाऊन गावात, डेलावेअर टेक्निकल कम्युनिटी कॉलेजमध्ये. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. मी तिथे दाखल झाले तेव्हा चौतिसावं सरत होतं आणि धाकटी मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती.

घरापासून कॉलेज सव्वा तासावर. राजधानीचं डोव्हर मागे पडलं की रस्ता सपाट होतो. दोन्ही बाजूंना मका, सोयाबीन आणि लांबच लांब बसक्या कोंबड्यांच्या शेड. या सगळ्याची सुरुवात एका चुकीतून झाली. १९२३ साली ओशन व्ह्यू गावच्या सिसील स्टील या बाईंनी अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली होती, आली ५००. त्यांनी ती परत केली नाहीत. वाढवली आणि मांसासाठी विकली. त्यात चार पैसे सुटले, पुढच्या वर्षी त्यांनी आणखी पिल्लं मागवली, शेजाऱ्यांनी तेच केलं, आणि अमेरिकेतला ब्रॉयलरचा धंदा इथून उभा राहिला. सुतारपक्ष्याने झाडाला भोकं पाडावीत तशा ओळीत लावलेल्या पंख्यांची भोकं असलेल्या त्या शेडजवळून जाताना मला नेहमी वाटायचं, ती पाचशे पिल्लं पहिल्यांदा खोक्यातून काढून घेणारे हात कसे असतील?

कोंबडी कशी धरायची हे कॉलेजात शिकवलं तेव्हा मला आबा पुन्हा भेटले. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच त्याच्यात हवा खेळते. पंख अंगाशी मिटून धरायचे, पण छातीवर दाब पडू द्यायचा नाही. छाती आवळली तर पक्षी ओरडत नाही, झटापट करत नाही, मुकाट्याने गुदमरतो. शिकवणाऱ्या बाई हे इंग्रजीत सांगत होत्या आणि माझ्या कानात ते माणदेशी मराठीत ऐकू येत होतं.

मांजराचं असंच. पूर्वी मांजराची मानगूट पकडून त्याला टेबलावर चेपून धरत. आता सांगतात, टॉवेल पसरा, मांजर मधोमध बसवा, एक पदर मानेभोवती घ्या, दुसरा अंगावरून, आणि हवा असेल तेवढाच पाय बाहेर काढा. मला हे कुणी शिकवावं लागलं नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत रोज सकाळी हेच चालतं. बाळाला न्हाऊ घालून दुपट्यात गुंडाळणारी आजी हे शास्त्र कुठल्याही पुस्तकावाचून जाणते. घट्टपणा असा हवा की बाळाला आधार वाटावा, अडकल्यासारखं वाटू नये.

टेक्निशियनचं हे शिक्षण अमेरिकेतही फार जुनं नाही. जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस पूर्वापार होते, पण त्यांच्यासाठी पहिला कॉलेजचा अभ्यासक्रम निघाला तो १९६१ साली, न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहानशा गावात. गावाचं नाव इंग्रजीत अगदी आपल्या दिल्लीसारखं लिहितात, म्हणतात मात्र डेल्हाय. पुढे कित्येक वर्षं या लोकांना ‘ॲनिमल टेक्निशियन’ म्हणत. ‘व्हेटर्नरी टेक्निशियन’ हे नाव १९८९ साली पक्कं झालं. आजही सगळ्या राज्यांचं एकमत नाही. डेलावेअरमध्ये मी लायसन्स्ड, शेजारच्या मेरीलँडमध्ये माझ्यासारखीला रजिस्टर्ड म्हणतात, पेनसिल्व्हेनियात सर्टिफाइड. मिडलटाऊनमधून पश्चिमेला गाडी काढली तर थोड्याच वेळात मेरीलँडची पाटी येते. त्या पाटीपलीकडे माझा परवाना चालत नाही. सुरुवातीला मला याचं वाईट वाटायचं. एवढी दोन वर्षं घासली आणि पल्ला एवढासाच! आता वाटत नाही. परवान्यातली मोठी सीमा नकाशावरची नाही, हे पुढे कळलं.

देशभर एकच परीक्षा असते. १७० प्रश्न, तीन तास. त्यांतले १५० गुणांसाठी धरतात, उरलेले २० पुढच्या परीक्षांसाठी पारखून बघायचे असतात, पण कुठले ते सांगत नाहीत. औषधं, भूल, वेदनाशमन, दात, एक्स-रे, प्रयोगशाळा, तातडीची मदत, शस्त्रक्रियेची तयारी आणि शुश्रूषा असे नऊ विभाग. त्यात कुत्रा-मांजर आहेतच, पण गाय, घोडा, शेळी, डुक्कर, ससा, पोपटही आहेत. मुली झोपल्या की मी स्वयंपाकघरात बसायची. फडताळाच्या दारावर आतून कागद चिकटवले होते. कुत्र्याचं तापमान, घोड्याची नाडी. पोळ्या लाटताना दार उघडं ठेवायची.

गाईचा कागद मात्र लावला नव्हता. ते सगळं दवाखान्यापुढच्या लिंबाखाली पाठ झालं होतं.

एक चूक मला इथे सांगायची आहे. शिकाऊ म्हणून एका दवाखान्यात होते. पिंजऱ्यावरच्या कार्डावर कुत्रीचं वजन लिहिलं होतं, ४४. शस्त्रक्रियेनंतरचं वेदनाशामक द्यायचं होतं, किलोला ०.१ मिलिग्रॅम. मी हिशेब केला, ४.४ मिलिग्रॅम. इथे जनावराचं वजन पौंडात मोजतात हे मला ठाऊक होतं, शंभर वेळा २.२ने भागलं होतं. पण त्या दुपारी मी थकले होते आणि थकलेलं मन आपल्या पहिल्या मापाकडे जातं. माझ्या मनात वजन म्हणजे किलो. कुत्री होती २० किलोची, तिला हवे होते दोन मिलिग्रॅम. शेजारच्या वयस्क टेक्निशियन बाईंनी नेहमीप्रमाणे आकडा मोठ्याने वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त कुत्रीकडे बोट केलं. ती मध्यम चणीची होती. चव्वेचाळीस किलोची कुत्री कशी दिसते ते माझ्या डोळ्यांनी तेव्हा पाहायला हवं होतं आणि मी आकड्याकडे बघत बसले होते.

त्या दिवसापासून मी औषध भरण्याआधी एकदा जनावरावर हात ठेवते. पाठीवरून, फासळ्यांवरून. हिशेब कागदावरच होतो, पण तो कुणाचा आहे हे हाताला आधी कळलं पाहिजे.

परवाना डोव्हरहून मिळतो. त्यासोबत काय काय करता येईल याची मोठी यादी असते, आणि काय करता येणार नाही याची छोटी. छोट्या यादीत चारच गोष्टी. रोगाचं निदान करायचं नाही. पुढे काय होईल ते सांगायचं नाही. औषध लिहून द्यायचं नाही. शस्त्रक्रिया करायची नाही. ही चारही कामं पशुवैद्याची. ज्या सीमेबद्दल मी म्हणत होते ती ही. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी ठेवताच मला काय दिसतंय ते कळतं. दाराबाहेर मालक बसलेले असतात, माझा चेहरा वाचत असतात. विचारतात, “काही गंभीर आहे का?” आणि मला म्हणायचं असतं, “डॉक्टर येऊन सांगतील.” हे वाक्य म्हणताना सुरुवातीला घसा कोरडा पडायचा. मग लक्षात आलं, की जे सांगता येत नाही त्याच्या जागी करता येण्याजोगं पुष्कळ असतं. पाणी आणून देता येतं. कुत्र्याचा पट्टा त्यांच्या हातात देता येतो. जवळ बसता येतं.

भारतात १९८४चा पशुवैद्यक परिषदेचा कायदा आहे. नोंदणीकृत पशुवैद्याखेरीज कुणी जनावरांवर उपचार करू नयेत, असं त्यात आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या माणसांना पशुवैद्याच्या देखरेखीखाली काही सेवा देण्याची परवानगी राज्य सरकार देऊ शकतं. त्या सेवांना मराठीत शब्द आहे ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. जखम धुणं किरकोळ. मलमपट्टी किरकोळ. कायद्याच्या भाषेला मोठं-लहान ठरवावंच लागतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अळ्या पडलेल्या जखमेपुढे उन्हात दोन तास वाकून बसलेला माणूस मी पाहिला आहे. त्या बैलाला त्या दोन तासांत दुसरं मोठं काही नव्हतं.

अमेरिकेतही पगारावरून हिशेब केला तर हे काम किरकोळच ठरेल. २०२३ साली टेक्निशियनच्या वार्षिक मिळकतीचा देशभरातला मध्य साधारण ४३,७०० डॉलर होता. माझ्याबरोबर शिकलेल्या काही मुली दोन-तीन वर्षांत हे काम सोडून गेल्या. पाठ जाते, चावे बसतात, आणि दर आठवड्याला मरण बघावं लागतं. त्या गेल्या याचं मला दुःख आहे, कारण त्यांचे हात चांगले होते. चांगला हात तयार व्हायला वर्षं लागतात आणि तो गेला की त्याच्या जागी नुसती भरती करून भागत नाही.

भूल दिलेल्या जनावराजवळ बसणं हा माझ्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग. डॉक्टर पोटात गुंतलेले असतात, त्यांची नजर जखमेवर. मी डोक्याशी. यंत्रावर आकडे पळत असतात, दर पाच मिनिटांनी ते लिहायचे असतात. पण यंत्राआधी माझं बोट हिरडीवर जातं. गुलाबी हिरडी दाबली की पांढरी होते, बोट काढलं की दोन सेकंदांच्या आत तिचा रंग परतायला हवा. पापणीच्या कोपऱ्याला हलकेच स्पर्श करून बघायचं, मिटते का. जबडा किती सैल आहे ते बघायचं. त्या वेळी जनावर माझ्याशिवाय कुणाचंच नसतं. घाबरत नाही, विरोध करत नाही, स्वतःचा जीवसुद्धा सांभाळत नाही. तो सांभाळायला माझ्याकडे दिलेला असतो. भूल उतरू लागते, ते पहिल्यांदा गिळतं, मी घशातली नळी काढते, आणि मग ते डोळे उघडतं. तो क्षण मी शेकडो वेळा पाहिला आहे. दरवेळी तळव्यात करडाचं काळीज वाजतं.

आणि शेवटचं धरणंही आमच्याकडेच असतं. शीर मी आधीच शोधून ठेवते, सुई बसवून ठेवते, म्हणजे मालकांच्या पुढ्यात टोचाटोची होत नाही. डोकं त्यांच्या मांडीवर देते. मी मागच्या बाजूला बसते, हात कमरेवर. आपल्याकडे धीर या शब्दाबरोबर दोन क्रिया चालतात, धीर धरायचा आणि धीर द्यायचा. त्या खोलीत दोन्ही एकाच वेळी कराव्या लागतात, आणि तोंडातून शब्द न काढता.

लहान राज्यात ही माणसं पुन्हा भेटतात. भाजी घेताना, मुलींच्या शाळेत, पेट्रोल भरताना. नाव आठवत नाही बहुतेकांना. म्हणतात, “तुम्ही त्याला धरलं होतं.”

गेल्या मे महिन्यात आबा आले. आयुष्यातला पहिला विमानप्रवास. पौर्णिमेच्या संध्याकाळी त्यांना डेलावेअर उपसागरावर घेऊन गेलो, पिकरिंग बीचला. मे-जूनच्या पौर्णिमा-अमावास्येला, भरतीच्या वेळी, तिथे हॉर्सशू क्रॅब अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. घोड्याच्या नालेसारखी पाठ आणि मागे काठीसारखी शेपटी. म्हणायला खेकडे, पण नात्याने कोळी-विंचवांना जवळचे. जगात ते सर्वांत जास्त या उपसागरात जमतात. त्यांचं रक्त निळं असतं. इंजेक्शनच्या औषधात जंतूंचं विष राहिलं आहे का, हे तपासायला कित्येक दशकं तेच वापरत आले आहेत. त्यासाठी त्यांना पकडून, थोडं रक्त काढून, पुन्हा समुद्रात सोडतात. सगळेच त्यातून वाचत नाहीत. मी आबांना सांगितलं, “तुम्ही टोचलेल्या, मी टोचते त्या कितीतरी औषधांमागे या जनावराचं रक्त आहे.” त्यांनी काही उत्तर दिलं नाही. वाकून बघत राहिले.

लाटेने काही क्रॅब उलटे पडले होते. पाय हवेत हलत होते. असे राहिले तर ते वाळतात किंवा समुद्रपक्षी त्यांना टोचून खातात. लोक येऊन त्यांना सरळ करतात. शेपटीला धरून उचलू नका, तिला इजा होते, पाठीच्या कडेला धरा, असं तिथे सगळे एकमेकांना इंग्रजीत सांगत असतात. ते आबांना भाषांतर करून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तोवर ते धोतर खोचून ओल्या वाळूत बसले होते. दोन्ही तळवे पाठीच्या दोन कडांना, बोटं सैल. अलगद उलथवला आणि पाण्याच्या दिशेला तोंड करून ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. अंधार पडेपर्यंत.

घरी आल्यावर त्यांनी हात धुतले आणि वही मागितली. धाकटीची चौकटीची वही होती, तीच दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उघडून बघितली. निळ्या शाईने रकाने आखले होते. तारीख. गाव: पिकरिंग. मालक: रकाना कोरा. जनावर: खेकडा, नग ३७. उपचार: सरळ केले. शेरा: चालत पाण्यात गेले.